हौशी घोडेस्वाराचें वर्ष

विजयादशमीचा दिवस उजाडला म्हणजे ज्याच्या दारीं घोडें आहे त्यास त्या सकाळीं दुसरें काम सुचत नाहीं. घोड्यास स्नान घालावें, आयाळ विंचरावी, कपाळीं कुंकू लावावें, गळ्यांत झेंडूची माळ घालावी आणि सायंकाळीं त्यास सीमोल्लंघनास न्यावें, असा परिपाठ महाराष्ट्रांत पुरातन काळापासून चालत आला आहे. पूजा आटोपली कीं घोड्याचा धनी पुढील वर्षाचे मनोरथ रचूं लागतो. ते मनोरथ कसे रचावे, कशानें मोजावे आणि कोणत्या प्रसंगीं मोडावे, याविषयीं चार गोष्टी या वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा मानस आहे. शर्यतीचे घोडे, पोलो अथवा लष्करी पागा यांचा विचार येथें कर्तव्य नाहीं. दारीं एकच तट्टू, अंगांत हौस मोठी, आणि हाताशीं शाळेच्या वा धंद्याच्या कामांतून उरलेला सकाळ-सायंकाळचा एकेक तास, अशा हौशी माणसापुरतेंच आम्ही बोलत आहों.

नवें वर्ष कोणी चैत्रांत धरितो, कोणी जानेवारीच्या पहिल्या तारखेस. विद्यार्थ्याचें वर्ष जून महिन्यांत उघडतें. घोडेस्वाराचें वर्ष मात्र दसऱ्यास आरंभावें असें आमचें मत आहे, आणि तें केवळ परंपरेच्या प्रेमानें बनलेलें नाहीं. आम्ही राहतों तें त्र्यंबकेश्वर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं वसलें आहे. येथून नाशिक अवघें अठ्ठावीस किलोमीटर. परंतु नाशकांत जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून अधिक येथें पडतो. मृगापासून हस्तापर्यंत डोंगरावरून पाण्याच्या धारा कोसळत असतात, भाताचीं खाचरें तुडुंब भरलेलीं असतात, वाटा निसरड्या होतात, आणि घोड्याचा खूर रात्रंदिवस ओलाव्यांत राहून मऊ पडतो. या चार महिन्यांत स्वारीचा कोणताहि संकल्प सिद्धीस जात नाहीं. जो जानेवारींत संकल्प करितो त्याच्या वर्षाचा मध्यच पावसांत वाहून जातो. जो दसऱ्यास करितो त्यास पुढें आठ महिने कोरडी वाट मिळते, आणि पावसाळा अखेरीस येतो, हिशेब पाहण्यास व विसाव्यास.

हें गणित आमच्या पूर्वजांस उत्तम ठाऊक होतें. ज्या डोंगराच्या सावलींत आम्ही हें लिहीत आहों, त्यावरील त्र्यंबकगड १६७० मध्यें मोरोपंत पिंगळे यांनीं स्वराज्यांत आणिला. त्या काळचें लष्कर पावसाळ्यांत छावणीस परत येई. छावणींत घोड्यांसाठीं गवतानें शाकारलेलीं घरें, दाणा, चारा व औषधें अगोदरच सिद्ध ठेवीत, आणि दसरा झाला म्हणजे फौज पुनः बाहेर पडे, असें सभासदानें आपल्या बखरींत वर्णिलें आहे. परंतु आम्हांस याहून बोधप्रद वाटतें तें शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमाराचें एक पत्र. चिपळूण तालुक्यांतील छावणीच्या अंमलदारांस तें लिहिलें आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा-चारा आतांच मनास येईल तसा उधळाल तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरूं लागतील, आणि तीं तुम्हींच मारिलीं असें होईल, अशी त्यांत सक्त ताकीद आहे. गवताच्या गंजीजवळ कोणी चुली पेटवूं नयेत, दिवे जळते ठेवूं नयेत, कारण उंदीर पेटलेली वात ओढून नेईल व सारी पागा भस्म होईल, एवढी बारीक सूचनाहि त्यांत आहे. मोठमोठ्या मोहिमा आंखणारा राजा उंदरानें नेलेल्या वातीचा विचार करितो, हें पाहून आम्ही थक्क झालों. कारण गेल्या दसऱ्यास आम्हीं जो संकल्प केला होता त्यांत उंदीर तर नव्हताच, चाराहि नव्हता.

तो संकल्प येथें सांगतांना थोडी लाज वाटते. वहीच्या कोऱ्या पानावर आम्हीं मोठ्या अक्षरांत लिहिलें होतें: नाताळच्या सुटींत नाशिकाहून त्र्यंबकेश्वरापर्यंत एका दमांत घोड्यावर यावयाचें, होळीपूर्वीं घोड्यावर भरधाव जाण्यास शिकावयाचें, उन्हाळ्यांत घोड्यावर बसून एकाद्या स्पर्धेत उतरावयाचें, श्रावणांत ब्रह्मगिरीची फेरी घोड्यावर करावयाची. शेवटचें कलम तर केवळ वेडेपणाचें होतें. फेरीची जवळची वाट सुमारें वीस किलोमीटरांची. श्रावणांतल्या तिसऱ्या सोमवारीं तीवर अनवाणी यात्रेकरूंची जी दाटी होते तींत माणसालाच पाऊल ठेवण्यास जागा मिळत नाहीं, मग घोडीच्या चार खुरांची काय कथा! व्याकरणाच्या दृष्टीनें तें पान आतां वाचलें म्हणजे एक मौज दिसते. प्रत्येक वाक्याचा कर्ता आम्ही, आणि घोडी बिचारी प्रत्येक ठिकाणीं 'वर' या शब्दयोगी अव्ययास जोडलेली.

घोडीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. ती दख्खनी बांध्याची, कुमाईत रंगाची, ठेंगणी तट्टाणी आहे, नांव हरिणी. तापीकांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांची जी मोठी यात्रा भरते तेथें आम्ही एकदां गेलों होतों, आणि वळलेल्या कानांचे, उंच मानेचे मारवाडी व काठेवाडी घोडे पाहून आमचे डोळे दिपले होते. परंतु तसा घोडा पोसण्याचें बळ अंगीं नव्हतें. शिवाय भीमेच्या खोऱ्यांतलीं भीमथडी तट्टें मराठ्यांच्या घोडदळांत नांवाजलेलीं होतीं, हा अभिमानहि मनांत होताच. तीं आज धनगरांच्या तांड्यांबरोबर ओझीं वाहतांना दिसतात, आणि अलीकडे त्यांस स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यताहि मिळाली आहे. आमची हरिणी शुद्ध भीमथडी आहे असा आमचा दावा नाहीं. पण काटकपणा तिच्यांत त्यांचाच आहे. दुर्दैवानें काटक जनावर सोसतें, आणि सोसणारें जनावर धन्याची चूक झांकून ठेवतें.

पौष महिना लागला. नाशिकची स्वारी व्हावयाची म्हणून आम्ही रोज अंतर वाढवीत होतों. एके सकाळीं खरारा करितांना पाठीच्या कण्याच्या डाव्या अंगास हात लागतांच घोडीनें कातडी थरथरविली व मान मागें फिरविली. आम्हीं तें मनावर घेतलें नाहीं. तीन दिवसांनीं तेथें गांठ आली, सहाव्या दिवशीं ती फुटली, जखमेंत पू झाला, अंगांत ताप भरला आणि घोडीनें चारा सोडला. पशुवैद्य आले. त्यांनीं जखम धुतली, टोचणी दिली, खोगीर उलटें करून त्याच्या गाद्या दाबून पाहिल्या, आणि मग आमच्याकडे वळून एवढेंच विचारलें, "आपलें स्वतःचें वजन किती?"

हा प्रश्न आम्हांस कोणीं कधीं विचारला नव्हता, आणि आम्हींहि घोडीच्या वतीनें तो स्वतःस विचारला नव्हता. घोड्याचें वजन करण्यास मोठा कांटा लागतो असा समज आहे, परंतु शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून, तंग बांधतात तेथें, छातीचा घेर सेंटिमीटरांत घ्यावा; खांद्याच्या टोंकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी; घेराचा वर्ग करून त्यास लांबीनें गुणावें आणि ११,९०० नें भागावें. येणारा भागाकार म्हणजे किलोग्रॅममध्यें घोड्याचें सुमारें वजन. हरिणीचा घेर १४५ भरला, लांबी १४० भरली. वजन आलें २४७ किलो. आतां स्वार, खोगीर व सर्व सामान मिळून जें ओझें होतें तें घोड्याच्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक नसावें, असा जाणत्यांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे हरिणीच्या पाठीवर ४९ किलो. आमचें वजन ५८, खोगीर ७, एकूण ६५. तीन महिने आम्ही तिच्यावर सोळा किलो अन्याय लादून फिरत होतों. खोगिराची गादी एका बाजूस बसलेली होती हें खरें, पण दोष तिच्यावर ढकलून मोकळें होण्याची सोय या त्रैराशिकानें ठेविली नाहीं.

जखम भरण्यास दीड महिना लागला. त्या दीड महिन्यांत स्वारी नव्हती, पण तबेल्यांतलें काम होतेंच, आणि घोडा म्हणजे काय हें आम्हांस त्याच वेळीं थोडें कळूं लागलें. फाल्गुनांत, पुढच्या दसऱ्याची वाट न पाहतां, आम्हीं जुनें पान फाडलें व नवें लिहिलें. या वेळीं प्रत्येक वाक्याचा कर्ता घोडी होती.

पहिलें कलम चाऱ्याचें. घोड्यास त्याच्या वजनाच्या शेंकडा दीड ते अडीच एवढा कोरडा आहार रोज लागतो. दोन टक्के धरले तर हरिणीस दिवसास पांच किलो. पावसाळ्याचे एकशेंवीस दिवस म्हणजे सहाशें किलो. नासाडी धरून सातशें. हें गवत उघडीप असतां, वाळलेलें व बुरशीवांचून, जमिनीपासून फळीवर उचलून आषाढापूर्वीं घरांत असलें पाहिजे. त्र्यंबकेश्वराच्या पावसांत गवतास बुरशी लागण्यास आठवडाहि पुरतो, आणि बुरसलेला चारा घोड्यास खोकला आणितो, पोटशूळ आणितो. येथें एक गोष्ट ध्यानांत असावी. घोड्यास ओकतां येत नाहीं. पोटांत गेलेला वाईट घांस बाहेर टाकण्याचा मार्ग निसर्गानें त्यास ठेविलेला नाहीं, आणि त्याची कोठी शरीराच्या मानानें लहान असते. म्हणून दाणा एकदम तोबराभर न देतां थोडाथोडा द्यावा लागतो, आणि गवत मात्र दिवसभर तोंडांत असावें लागतें. सणाच्या दिवशीं प्रेमानें घातलेली परातभर चंदी घोड्याचा जीव घेऊं शकते. दिव्याचें म्हणाल, तर आमच्या तबेल्यांत विजेचा दिवा आहे. पण तिच्या तारेची उंदरांपासून राखण करणें हें स्वतंत्र कलम आम्हीं महाराजांच्या पत्रास स्मरून लिहिलें.

दुसरें कलम खुराचें. खुराची भिंत वरच्या कडेपासून खालीं महिन्यास सहा ते दहा मिलिमीटर वाढते; पुढच्या बाजूस संपूर्ण नवा खूर येण्यास नऊ महिने ते एक वर्ष लागतें. म्हणजे या दसऱ्यास घोडें ज्या खुरांवर उभें आहे ते पुढच्या दसऱ्यास बहुतेक राहत नाहींत. आम्हीं वर्षभर जें खाऊं घातलें, जसा गोठा ठेविला, तेंच खूर होऊन खालीं उतरतें. सहा ते आठ आठवड्यांनीं नालबंद आला पाहिजे. वर्षाच्या सात-आठ खेपा. नालबंद आजकाल दुर्मिळ झाले आहेत, तेव्हां त्याच्या तारखा अगोदर ठरवून वहींत लिहिणें हें सर्व संकल्पांत कठीण, आणि सर्वांत कमी मिरविण्यासारखें. पावसांत खुराच्या तळाशीं असलेला मऊ त्रिकोणी भाग कुजूं लागतो व काळा, दुर्गंधी पाझर येतो. त्यास उपाय म्हणजे रोज दोन वेळां खूर उचलून आंकडीनें साफ करणें आणि उभें राहण्यास कोरडी जागा देणें, औषध त्यानंतर. ग्रीक सेनानी झेनोफन यानें सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला, त्यांत खूर कणखर व्हावा म्हणून पागेच्या अंगणांत गोल गोटे पसरावे असें सुचविलें आहे. आम्हीं नदींतले गोटे आणून तबेल्याच्या दारीं चार हात जागेंत पसरले. पावसाळ्यांत तेवढीच एक जागा चिखलावांचून राहिली.

धनुर्वाताची लस वर्षास एकदां, दांतांची तपासणी वर्षास एकदां, जंतांचें औषध पशुवैद्य शेण तपासून सांगतील तेव्हां. हीं कलमें एका ओळींत संपतात. नाडीचें मात्र तसें नाहीं. विसाव्यांतल्या घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४ ठोके चालते आणि अंगाचें ऊन ३७.५ ते ३८.५ अंश असतें. जबड्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवून ती मोजण्यास आम्हांस आठ दिवस लागले. पण रोज मोजूं लागल्यावर हरिणीचा नेहमींचा आंकडा कळला, आणि नेहमींचा कळल्यावांचून बिघडलेला कळत नाहीं. पौषांत हें ज्ञान असतें तर ताप पहिल्याच दिवशीं हातास लागता.

आतां स्वारीचा भाग. आमचें वजन तर कमी होण्यासारखें नव्हतें. वाढत्या वयाच्या मुलानें उपाशी राहून घोड्यास हलकें करणें हा शहाणपणा नव्हे. तेव्हां आमची धाकटी बहीण, जी आठव्या इयत्तेंत आहे आणि खोगिरासह ४५ किलो भरते, ती स्वार झाली, आणि आम्ही दोरी धरून शेजारीं चालूं लागलों. हें लिहिणें सोपें आहे, पहिल्या दिवशीं बाजारपेठेंतून तसें चालत जातांना मित्रांनीं विचारलें, "काय, मोतद्दार केव्हांपासून झालांत?" तेव्हां तोंडांतून उत्तर निघालें नाहीं.

तिच्यासाठीं आम्हीं अंतराचा एकहि संकल्प ठेविला नाहीं. चढतांना घोडी जागच्या जागीं उभी राहावी. रिकिबींतून पाय काढून दहा मिनिटें चालीवर मांड ढळूं नये. डावीकडील व उजवीकडील वर्तुळ सारख्याच सहजतेनें काढतां यावें. लगामावरचा हात तोल सांवरण्यासाठीं वापरला जाऊं नये. एवढ्यास साडेतीन महिने लागले. मग दुडकीचे थोडेथोडे धडे. तिची मांड बसली कीं नाहीं हें आम्ही तिला विचारीत नसूं. खोगीर उतरल्यावर घोडीच्या पाठीस विचारीत असूं. सर्व पाठ सारखी घामेजली असेल तर ठीक. घामांत मध्येंच एकादी कोरडी टिकली दिसली तर तेथें दाब पडत आहे असें समजावें, आणि दुसऱ्या दिवशीं खोगीर चढवूं नये. नाशिकच्या हमरस्त्याचा बेत कायमचाच सोडला. डांबरावर दुडकी चालविणें घोड्याच्या सांध्यांस बाधतें, आणि यात्रेच्या मोटारींची रीघ पाहतां तेथें घोडें नेणें धोक्याचेंहि आहे. त्याऐवजीं अंजनेरीच्या दिशेनें मातीच्या वाटेनें दोनअडीच कोस जावें व परत यावें, जातांना स्वारी व येतांना बराचसा भाग पायीं, असा बेत या वर्षासाठीं लिहिला आहे.

कोणी म्हणेल कीं हें सारें भित्रेपणाचें झालें, यांत पराक्रम कोठें? त्यास आम्ही अमेरिकेतील एक उदाहरण देतों. कॅलिफोर्नियांत १९५५ पासून शंभर मैलांची एक घोडदौड भरते. डोंगरांतून चोवीस तासांच्या आंत पोंचावें लागतें. वाटेंत ठिकठिकाणीं पशुवैद्य उभे असतात आणि ते स्वाराकडे न पाहतां घोड्याकडे पाहतात. घोडा लंगडतो, पाणी पीत नाहीं, नाडी वेळेंत उतरत नाहीं, कीं स्वारी तेथेंच संपली. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतहि ठराविक मिनिटांत नाडी ६४ वर आली नाहीं तर पुढें सोडीत नाहींत. कॅलिफोर्नियाच्या त्या दौडींत पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकीं जो सर्वांत सुस्थितींत असेल त्यास वेगळा चषक देतात, आणि कित्येक स्वार पहिल्या क्रमांकाहून तोच अधिक मानाचा समजतात. आपल्या देशाचें पाहावें तर १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई सामन्यांनंतर घोडेस्वारींत सुवर्णपदक आलें तें २०२३ मध्यें चीनमधील हांगचौ येथें. आणि तें उड्यांत वा धांवण्यांत नव्हे, तर ड्रेसाज या प्रकारांत, जेथें स्वाराची खूण पाहणाऱ्यास दिसूंहि नये आणि घोड्यानें मात्र ती जाणून पाऊल टाकावें. त्या चौघांच्या संघांत मुंबईचे हृदय छेडा होते. नाशकांतहि १९३७ पासून भोंसला मिलिटरी स्कुलांत मुलांस घोड्यावर बसण्याचें शिक्षण मिळत आलें आहे. पागा आणि शिक्षक असतील तेथें स्वारीचा मार्ग अर्थातच लवकर कापला जातो.

संकल्प मोडावा केव्हां, हा प्रश्न राहिला. आमच्या शाळेंत प्रत्येक मुलास बलामाची गोष्ट ठाऊक आहे. त्याची गाढवी वाट सोडून शेतांत शिरली, मग भिंतीशीं घसटली, मग खालींच बसली. आणि तिन्ही वेळां त्यानें तिला मारिलें, कारण वाटेंत तरवार उपसून उभा असलेला देवदूत तिला दिसत होता व त्याला दिसत नव्हता. लहानपणीं ही गोष्ट ऐकतांना आम्हांस गाढवी बोलली याचेंच नवल वाटे. आतां वाटतें कीं ती बोलण्यापूर्वींच तीन वेळां बोलली होती. हरिणीहि त्या पौषांतल्या सकाळीं कातडी थरथरवून बोललीच होती. म्हणून नव्या वहींत आम्हीं प्रत्येक संकल्पासमोर एक रकाना कोरा ठेविला आहे, आणि त्यावर 'घोडी काय म्हणाली' असा मथळा दिला आहे. खूर गरम लागला, दाणा उरला, नाडी चढली, तंग आंवळतांना कान मागें गेले, कीं तेथें लिहावयाचें आणि त्या दिवसाचा बेत रद्द करावयाचा. आठ महिन्यांत असे एकवीस दिवस झाले. त्यांपैकीं निदान सहा दिवशीं ती केवळ कुरकुर करीत होती असा आम्हांस दाट संशय आहे. पण तेवढी फसवणूक आम्हीं पत्करली आहे.

या दसऱ्यास खूर धुतांना पुढच्या डाव्या खुरावर एक आडवी वळी दिसली. घोड्यास ताप आला, चारा सुटला, कीं त्या दिवसांत उगवलेला खूर असा वळीदार निघतो, आणि ती वळी पुढें महिन्यामहिन्यानें खालीं सरकत जाते, असें नालबंदानें दाखविलें. पौषांत ती वरच्या कडेशीं, केसांखालीं असली पाहिजे. आतां खालच्या कडेपासून बोटभर राहिली आहे. कार्तिकांत तो पुनः येईल तेव्हां तिच्यांतला थोडा भाग कानशीनें जाईल, आणि उरलेला नाताळपर्यंत जाईल असें तो म्हणाला. बहिणीनें लगेच वहींत त्याची तारीख लिहून ठेविली.